सासूबाईंच्या डोक्यावरची गिरणी

गिरणी उभी राहिली आणि जो तो एकच विचारू लागला: एवढ्याशा खांबांवर एवढे माग ठेवणार, मग खाली उभं राहणार कोण? तोवर गिरणी म्हणजे दगडाच्या जाड भिंती आणि दिवसाढवळ्या अंधार. इथे भिंतींच्या जागी नुसत्या काचा, आणि सगळा भार सिमेंटच्या सडपातळ खांबांवर. आतल्या लोखंडी सळ्या कुणाला दिसत नव्हत्या. त्यामुळे इंजिनिअर त्यांच्याबद्दल जीव तोडून सांगे, तेव्हा लोक खांबाकडे न बघता त्याच्याच तोंडाकडे बघत.

वरच्या मजल्यावर वाळूची पोती रचून परीक्षा घ्यायचं ठरलं. विणकरांचा मुकादम म्हणाला, पोती पडली तर पोत्यांचं काय जातंय, स्लॅबखाली माणूस बसवा. इंजिनिअरने छाती पुढे काढून स्वतः बसायचं कबूल केलं, आणि घरी येऊन जेवलाच नाही.

त्याची सासू त्याच्याकडेच राहायची. जावयाचं काहीएक तिला पटत नसे. त्याने ठोकलेल्या खिळ्यावर ती साधा रुमालसुद्धा टांगत नसे, आणि हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. सकाळी तिने खुर्ची उचलली, लोकर-सुया घेतल्या आणि त्याच्याआधी जाऊन स्लॅबखाली ठाण मांडलं. पोती चढली. स्लॅब हलला नाही, सासूही नाही.

विणकरांना याहून मोठा दाखला नको होता. माग सुरू झाले. पण कामावर चढण्याआधी जो तो खाली डोकावून खुर्ची भरली आहे ना, ते बघे. एकदा दाढ दुखली म्हणून सासूबाई उशिरा आल्या, तर सगळे बाहेर ताटकळत उभे. मालकाने खुर्चीसाठी मऊ गादी धाडली.

मग एके दिवशी त्यांनी मुलाकडे राहायला जायचं काढलं. बातमी वर पोचली आणि माग थांबले. इंजिनिअर धावत खाली आला.

"आई, तुम्ही गेलात तर गिरणी बसेल."

"बसणारच आहे. मी पहिल्यापासून म्हणतेय."

"मग इतके दिवस खाली कशाला बसलात?"

सासूबाईंनी सुईवरचे टाके मोजून संपवले. "त्या दिवशी तुम्ही ताटावरून उठलात. म्हटलं, पोरीला नवरा हवा. माझं काय, पिकलं पान."

इंजिनिअरने वर जाऊन मुकादमाला सांगितलं, उद्यापासून मी बसतो. मुकादमाने नकारार्थी मान हलवली. बांधणारा बसेलच, त्यात काय मोठंसं?

तेव्हा इंजिनिअरने नकाशांचं टेबल खाली हलवलं. दुसऱ्या दिवशी बायको आली, "आईला मरायला बसवता आणि मला सांगत नाही" म्हणत, पाळणा आणि स्टोव्ह घेऊन. लेक-नातवाला त्या छताखाली टाकून जाणं सासूबाईंना जमेना. त्यांनी बोचकं सोडलं. गल्लीतली त्यांची भाड्याची खोली रिकामी झाली. अख्खं घर खाली नांदतंय म्हटल्यावर विणकरांनी डोकावणं सोडून दिलं.

पंचाईत झाली ती सुट्टीच्या दिवशी. मागांच्या खडखडाटाशिवाय बाळाला झोप येईना, रडून त्याने घर डोक्यावर घेतलं. शेवटी मुकादम सुट्टीचे कपडे बदलून आला आणि वर एकटाच एक माग चालवत बसला.