तीनशे पावलं उत्तरेला

मी पिवळा दगड बोलतोय. रस्त्याच्या कडेला समुद्राकडे तोंड करून बसलेला, अंगावर काळ्या अक्षरांत 'दोस पालू' लिहिलेला. अक्षरं वाकडी आहेत, ठाऊक आहे मला. येणारा-जाणारा प्रत्येक जण हसून सांगतो. ती कुणी काढली आणि का काढली, तेच आज सांगून टाकतो.

जन्माने मी दगड नाही हो. समुद्राच्या तळाशी प्रवाळ होतो, चांगला जिवंत होतो. मग कॅरिबियन समुद्रातलं हे बोनेर बेट वर आलं, पाणी खाली गेलं आणि मी उन्हात पडलो, तो पडलोच. पुढची हजारो वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेळ्या अंग घासायच्या, इग्वाना सरडे पोट शेकायचे, संपलं माझं आयुष्य.

मग बर्नाल्डा आली. तिची स्वतःची होडी आहे, तोंड फटकळ आहे आणि नवरा गेल्यापासून ती कुणालाच घाबरत नाही. तिने मला पहारीने उचकटून रस्त्याकडेला आणलं, पिवळा रंग फासला आणि नाव घातलं. पाण्याखाली बुडी मारायला येणारी माणसं पिवळा दगड दिसला की गाडी थांबवतात, पाठीवर हवेची टाकी बांधतात आणि समोरून समुद्रात शिरतात. दगड म्हणजे खूण, की इथून आत जा आणि इथूनच बाहेर या. दोस पालू म्हणजे दोन झाडं. ती झाडं एका वादळात केव्हाच गेली. तेव्हापासून त्या जागेचं नाव फक्त माझ्या पाठीवर उरलं होतं.

माझ्यासमोर खडकात वाळूची वाट होती, दोन माणसं हातात हात घालून उतरतील एवढी. आजूबाजूचा खडक असा धारदार, की अनवाणी पाय ठेवला तर रक्तच. पण वाटेने आत गेलात की तळ उतरत जायचा. तिथे हरणाच्या शिंगांसारखे प्रवाळ, त्यांना कुरतडणारे निळे पोपटमासे आणि एक म्हातारी कासवीण. हे सगळं मला बाहेर आलेल्यांच्या तोंडून कळायचं. पाण्यातून वर आलेला माणूस पहिली पाच मिनिटं थापा मारतो. कासवीण ताटाएवढी असली तर परातीएवढी सांगतो, आणि कपडे बदलेपर्यंत ती आणखी वाढते.

माझ्या मागेच एलिहिओचं आवार. निवडुंगाचं कुंपण, आत शेळ्या आणि दारात खुर्ची टाकून बसलेली त्याची नव्वदीची आई, शोन मेमे. एलिहिओ बर्नाल्डाचा दीर. अडुसष्ट वर्षांचा, सरळ माणूस. पण त्याच्या फाटकासमोर लोक गाड्या लावायचे. टॉवेल गुंडाळून कपडे बदलायचे आणि टॉवेल नेमका सुटायचा. शोन मेमे छातीवर क्रूस काढायची आणि पुन्हा बघायची. एलिहिओने फाटकावर पाटी लावली, तर त्यांनी पाटीवर ओले कपडे वाळत घातले. तरी त्याने सोसलं. मग कुणीतरी गाडी वळवायला फाटक उघडलं आणि तसंच टाकून गेलं. तीन शेळ्या रस्त्यावर गाडीखाली आल्या, त्यातली एक गाभण होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो ढकलगाडी घेऊन आला. मला आत लोटलं आणि उत्तरेला निघाला. खडकाचं एक नाक समुद्रात घुसलंय, ते ओलांडून तीनशे पावलांवर त्याने मला खाली ठेवलं. समुद्र तिथेही तसाच निळा होता, लांबून पाहिलं तर फरक कळला नसता. वाट मात्र नव्हती, खडकच खडक होता. 'उतरतील कसेही, पाणी शांतच असतं,' असं तो स्वतःशीच पुटपुटला. मला त्याचा राग आला नाही. गाभण शेळी मीही पाहिली होती.

गावात कुणाच्या लक्षात आलं नाही. आपल्याच दारावरची पाटी कोण वाचतं? बर्नाल्डा वर्षातून एकदा रंग द्यायला यायची, ती तारीख लांब होती.

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास स्विंडा आणि तिचा नवरा इल्मार आले. स्विंडा गावच्या शाळेत नवीन लागलेली मास्तरीण, दोघंही शेजारच्या क्युरासाओ बेटाचे. गाडीच्या काचा त्यांनी खाली केल्या, म्हणजे चोर आला तर निदान काच फोडणार नाही. फोन आणि किल्ली पिशवीत घालून माझ्या बुडाखाली सारली. वाट कुठे दिसेना, तेव्हा इल्मार म्हणाला की इतक्या लोकांनी नावाजलेली जागा ती हीच का. दगड तर आहे, स्विंडा म्हणाली. ती बसत, सरकत खडकावरून उतरली आणि तिच्यामागे तो.

ते पाण्याखाली गेले आणि वारा पडला.

आमच्याकडे वारा वर्षभर पूर्वेकडून येतो. आमचा किनारा पश्चिमेचा, बेटाच्या आडोशाचा, म्हणून इथलं पाणी निवांत. पण वर्षात एखाद्या वेळी वारा उलटतो, आणि मग याच किनाऱ्यावर लाटा फुटतात. आधी पाणी काळवंडलं. मग लांबून पांढऱ्या रेषा येऊ लागल्या. पहिली लाट खडकावर आपटली तेव्हा मला खालपर्यंत हादरा बसला. वर या रे, बाहेर या, म्हणत राहिलो. पण दगडाचं म्हणणं दगडापाशीच राहतं.

अर्ध्या तासाने दोन डोकी वर आली. वाळूची वाट असती तर लाटेबरोबर सरळ आत आली असती. इथे खडकच होता. इल्मारने जीव खाऊन झेप घेतली, लाटेने त्याला उचलून आपटलं आणि तो चार हातापायांवर सरपटत वर आला. तळवे फाटलेले, गुडघे सोललेले. स्विंडाने शहाणपणा केला, खडकापासून लांब राहिली. पण लांब राहिली ती ओढीत सापडली. बघता बघता तिचं डोकं लाटांमध्ये दिसेनासं झालं.

इल्मारने माझ्या खालून फोन ओढला. रक्ताने बटणं दाबली जाईनात. मदतीचा फोन लागला आणि तिथून निरोप बर्नाल्डाला गेला, कारण त्या भागात तिचीच होडी सर्वांत जवळ होती. थोड्या वेळाने तिचाच फोन आला. बाई कुठे पाण्यात उतरली, तिने विचारलं.

"दोस पालू. मी दगडापाशीच उभा आहे."

"बरं. तिथून पाणी दक्षिणेला ओढतं. पोचलेच."

ऐकलंत? दोघांनीही खरंच सांगितलं होतं. पण त्या खडकाच्या नाकापाशी पाणी फुटतं. अलीकडे पडलेलं सगळं दक्षिणेला जातं आणि पलीकडे पडलेलं उत्तरेला. हे इथला प्रत्येक कोळी जाणतो. बर्नाल्डा तिच्या दोस पालूसमोरून दक्षिणेला निघाली. स्विंडा उत्तरेला चालली होती, कड्याकडे. त्या कड्याखाली लाटा फुटायला लागल्या की होडीही जवळ जात नाही.

आरडाओरडा ऐकून एलिहिओ पाण्याची बाटली आणि फडकं घेऊन धावत आला. इल्मारच्या हाताला फडकं बांधताना त्याने विचारलं, काय झालं. इल्मारने सांगितलं. मग त्याने नाकापलीकडे लहान होत जाणाऱ्या होडीकडे बोट दाखवलं.

"ते तिकडे का चाललेत? बाबा, ते तिकडे का चाललेत?"

एलिहिओला कळलं. त्याच क्षणी कळलं, मी पाहिलं. बाटली त्याच्या हातातून खाली पडली. मग तो माझ्यावर बसला.

बसूनच राहिला. इल्मार खडकावर उभा राहून बायकोला हाका मारत होता, लाट फुटली की हाक बुडत होती. एलिहिओ, ऊठ. सांग. तोंड उघड, अरे. मी एकेक लाट मोजत होतो. बत्तीस, तेहतीस. काय विचार करत होता तो? गाव काय म्हणेल? आई काय म्हणेल? की होडी आपली आपण वळेल, असं वाटत होतं? चाळीस लाटा झाल्या. होडी नजरेआड झाली.

तेव्हा तो उठला. इल्मारच्या हातातून फोन घेतला आणि बर्नाल्डाला लावला.

"वहिनी, दगड मी हलवलाय."

पलीकडे नुसता इंजिनाचा आवाज होता.

"कुठे?"

"नाकापलीकडे. तीनशे पावलं उत्तरेला."

फोन बंद झाला. पुष्कळ वेळाने होडी नाकाला वळसा घालून आली, लाटांवर उडत, कड्याच्या दिशेने गेली. इल्मार रस्त्याने लंगडत तिच्यामागे धावला. एलिहिओ तिथेच उभा राहिला.

स्विंडा जिवंत सापडली. पण होडी पोचायच्या जरा आधी एका लाटेने तिला कड्यावर फेकलं होतं. उजवा खांदा निखळला होता, हाड मोडलं होतं. आणखी दोन लाटा आल्या असत्या तर काही उरलं नसतं, असं बर्नाल्डा गावभर सांगत फिरली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एलिहिओने मला ढकलत परत आणलं. अख्खं गाव बघत होतं, पण कुणी हात लावला नाही. रंगाचा डबा घेऊन बर्नाल्डा आधीच येऊन बसली होती. तिने जुन्या नावावर पिवळा रंग फासला आणि ब्रश त्याच्या हातात दिला. "नाव तुम्ही लिहायचं, भावजी." तो दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. एकेक अक्षर काढायला त्याला घाम फुटला. शोन मेमेने तीन दिवस त्याच्या हातची फुन्ची, मक्याच्या पिठाची उकड, खाल्ली नाही.

मग लोक निवळले. एलिहिओ चुकला, पण कळल्याबरोबर सांगितलं, काही लपवलं नाही, असं म्हणू लागले. चर्चमधून येताना कुणी ना कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवायचं. तो मान डोलवायचा. माझ्याजवळून जाताना मात्र रस्त्याच्या पलीकडून जायचा. त्या चाळीस लाटा त्याला आणि मला, दोघांनाच ठाऊक होत्या.

चार महिन्यांनी स्विंडा आली. बरोबर इल्मार, गाडीत हवेच्या दोन टाक्या. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. टाकीचा पट्टा इल्मारने बांधून दिला. तिने पिशवीतून गरम पास्तेचींचा, म्हणजे सारण भरून तळलेल्या करंज्यांचा, पुडा काढला आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या एलिहिओकडे गेली. त्याला माझ्यापर्यंत घेऊन आली, पुडा माझ्यावर ठेवला आणि म्हणाली, "काका, तुम्ही लगेच सांगितलंत म्हणून मी वाचले. बर्नाल्डाबाईंनी मला सगळं सांगितलंय."

एलिहिओ तिच्या खांद्याकडे बघत होता. त्याने मान डोलवली असती तर विषय संपला असता. ती हसून पाण्यात गेली असती आणि त्याने पास्तेची खाल्ल्या असत्या. मी कुणाला सांगणार होतो?

"लगेच नाही सांगितलं, बाई," तो म्हणाला. "कळलं लगेच. पण या दगडावर बसून होतो. होडी दिसेनाशी होईपर्यंत बसून होतो. तुमचा हात त्या वेळात गेला."

इल्मार एक पाऊल पुढे आला. स्विंडाने डावा हात आडवा करून त्याला थांबवलं. तिचे डोळे भरून आले होते, रागाने की कशाने ते मला सांगता येणार नाही. एलिहिओने मान खाली घातली नाही. मग तिने वाकून पायात चढवायची फिन्स उचलली.

"आत उतरायची वाट कुठे आहे?" तिने विचारलं. मला नाही, त्याला.

त्याने हात लांब करून दाखवलं. ती तिकडे चालू लागली आणि तिच्यामागे इल्मार. माझ्या पाठीवर काय लिहिलंय, ते तिने वाचलं नाही.

तर असा मी. रंग उडत चाललाय, पण जागेवर आहे. माझी एकच विनवणी आहे. मी फक्त खूण आहे, खरं-खोटं तुमच्या हातात आहे. मला हलवू नका. आणि हलवलंतच, तर माझ्यावर बसून राहू नका.