अकरावी सूचना

प्रिंटरमधून कागद ओढून ग्लोरियाने स्टेपलर उचलला आणि तो तसाच हातात राहिला. तिची नजर अकराव्या ओळीवर अडकली होती.

'पोर्तुगालमध्ये ९११ विसरा. पोलीस, ॲम्ब्युलन्स, आग, काहीही असो, ९९९ फिरवा.'

"अगं बाई! ९९९ तर इथला, बहरीनचा," ती स्वतःशीच पुटपुटली. "तिकडे ११२." 

झिंज भागातल्या त्या ट्रॅव्हल ऑफिसात ग्लोरिया डाबरेला चौदा वर्षं झाली होती. अमेरिकन गिऱ्हाइकं सगळी तिच्याकडे. युरोपला निघालेल्या प्रत्येकाच्या हातात ती तिकिटांसोबत सूचनांचा कागद ठेवायची. ट्राममध्ये पाकीट पुढच्या खिशात ठेवा, जेवणाआधी टेबलावर येणारे ऑलिव्ह फुकट नसतात, दगडी रस्त्यांवर टाचांचे बूट घालू नका. बाईने स्वतः पोर्तुगाल नकाशात सोडून कुठेच पाहिलं नव्हतं, पण सांगायची अशी, जणू माहेरच तिथलं. जाऊन आलेल्यांना ती खोदून खोदून विचारायची आणि लिहून ठेवायची. एक अक्षर चुकायचं नाही, असा तिचा तोरा होता.

आणि चुकलं ते नेमकं हे. जानेवारीत तिने कागद नव्याने टाइप केला, तेव्हा बोटांनी आपल्याआपणच ९९९ मारलं. मारणारच. मुलगा, नायजेल, बोलायला लागला, तेव्हा नावपत्त्याच्या आधी तिने त्याच्याकडून हाच आकडा घोकून घेतला होता.

तिने फाइल उघडली. जानेवारीनंतर पोर्तुगालला गेलं होतं एकच जोडपं, व्हिटकर. इथल्या जुफेरला राहणारे, सध्या तिकडेच. नवरा सत्तरीचा, गेल्या वर्षी हृदयात दोन स्टेंट घातलेला. शांतता हवी म्हणाले, म्हणून ग्लोरियानेच त्यांना गावाबाहेरचं शेतघर शोधून दिलं होतं. जवळपास घर नाही, दार नाही.

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. म्हातारा जमिनीवर पडलाय आणि बायको ९९९ फिरवतेय, पुन्हा पुन्हा फिरवतेय, हे तिला समोर दिसायला लागलं. 

"क्या हुआ? चेहरा क्यों उतर गया?" मालक अर्शदभाईंनी केबिनमधून विचारलं.

तिने सांगून टाकलं. लपवायची ताकदच उरली नव्हती. व्हिसा कंपनीचा, नायजेलची दहावी, सगळं डोळ्यांपुढून गेलं, तरी सांगितलं.

अर्शदभाईंनी बाहेर येऊन कागद हातात घेतला.

"मेल डाल दो और खलास. ये कागज़ पढ़ता कौन है?"

"वाचला असेल तर?"

 त्यांनी स्वतःच्या हाताने कागद फाडला.

चौथ्यांदा लावल्यावर फोन उचलला गेला.

"ग्लोरिया! आत्ताच तुझी आठवण काढली," मिसेस व्हिटकर हसत म्हणाल्या. "ऑलिव्हचे पैसे लावले बरं का. अगदी तू म्हणालीस तसंच!"

"मिस्टर व्हिटकर कुठे आहेत?"

"बागेत. पेपर वाचतोय. का गं?"

ग्लोरियाचा जीव भांड्यात पडला. 

"कृपा करून पेन घ्या. अकरावी ओळ खोडा. ११२ लिहा. चूक माझी आहे."

 पलीकडे कागदावर पेन ओढल्याचा आवाज आला.

"खोडली. फोनच्या शेजारीच चिकटवलाय मी तो." बाईंचा स्वर आता उतरला होता. "बरं झालं सांगितलंस. आणखी कुणाला हा नंबर दिला असशील, तर त्यांनाही कळव."

"नाही, दुसऱ्या कुणालाच दिलेला..."

ती मध्येच थांबली. फोन कसाबसा ठेवला.

गेल्या नाताळची सुट्टी. वसईला, गिरीज गावातल्या घरात, पप्पा गेल्यावर एकटी राहणारी आय. घरातल्या जुन्या फोनच्या वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर काळ्या मार्करने लिहिलेले तीन मोठे आकडे. 'काही झालं तर हा फिरव, आय. शेजाऱ्यांना हाका मारत बसू नकोस.' भारतातही ११२च. तिने काय लिहिलं होतं, हे तिला आठवावं लागलं नाही.

तिकडे संध्याकाळचे सहा वाजून गेले असतील. रिंग वाजली. नवव्या रिंगला फोन उचलला गेला.

"कोण? ग्लोरिया? आज रविवार नाही, मग फोन कसा गं केलास?"

"आय, तो पुठ्ठ्यावरचा नंबर आहे ना..."

"तो होय? तो नाही गं लागत, बाय."

ग्लोरियाने टेबलाची कड धरली.

"तू कधी फिरवलास?"

"झाले की दोन महिने. मोरीत पाय घसरला. सरपटत फोनपाशी आले, पाच-सहा वेळा फिरवला. मग म्हटलं, माझंच बोट चुकत असणार. संध्याकाळी शेजारची जोॲन आली, तोवर रोझरी म्हणत बसले."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून गेलीस तू. तुला वाईट वाटलं असतं."

 ग्लोरिया म्हणाली, "आय, तो चुकीचा आहे. मीच चुकले. दुसरा लिहून घे."

"हां, थांब. पेन आणते."

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग फरशीवर काठी टेकल्याचा. एक पाऊल, मग काठी, मग पुन्हा पाऊल, हळूहळू आतल्या खोलीकडे. आयला काठी लागते, हे ग्लोरियाला माहीत नव्हतं.