समोरच्या बाकावरून

गल्लीतला तो बाक आता रिकामा असतो. ओतीलिया मात्र रोज सकाळी रंगाची नांद ढवळून झाली की बरणीभर पाणी काढते आणि खिडकीशी धरते. बघायला कुणी नसतं, तरी धरते.

ही सवय साथीच्या वसंतातली. सगळं गाव बंद होतं आणि तिच्या वडिलांनी मागे ठेवलेला, निळीत कापड रंगवायचा कारखानाही. सरकार म्हणालं, कामगारांना काढू नका, घरी बसवा, पगाराचा मोठा हिस्सा आम्ही देऊ. अट एकच, घरी बसवलेल्यानं कामाला हात लावायचा नाही. लावला आणि सापडलं, तर साऱ्यांचीच मदत बंद. ओतीलियानं अर्ज भरला. कापडावर ठसे उठवणाऱ्या तीन बायका आणि रंगारी वेंडेलीनकाका, अशी चार नावं. कागद तिला छान जमत. रंगात मात्र तिनं जन्मात बोट बुडवलं नव्हतं.

"आणि नांद?" वेंडेलीनकाकांनी विचारलं. "तिला कोण घरी बसवणार? रोज ढवळली नाही तर मरते ती. एकोणीस वर्षं जगवलीय मी तिला."

"मी ढवळेन. मालकाला मुभा आहे."

"तू?" काका इतके हसले की मास्क नाकाखाली घसरला.

काकांचं घर कारखान्याच्या खिडकीसमोरच, गल्लीपलीकडे. दाराशी बाक. ते रोज तिथं बसू लागले. बाकावर बसणं हे काही काम नव्हे, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

तीन आठवड्यांनी ओतीलियानं खिडकी उघडून आनंदानं हाक मारली, "काका, काय रंग धरलाय! नुसती निळीशार झालीय नांद!"

काका ताडकन उठले. "निळी? अगं भवाने, निळी म्हणजे मरायला टेकली! पाणी हिरवं-पिवळं हवं. निळं व्हायचं ते कापडानं, वाऱ्यावर आल्यावर!"

गल्ली ओलांडून ते दाराशी पोचले. ओतीलिया दोन्ही हात पसरून उंबऱ्यात उभी राहिली.

"बाजूला हो."

"नाही. तुम्ही आत आलात तर चौघांचं जाईल. ठसे उठवणाऱ्या झुझानाचा तर नवराही काम जाऊन घरी बसलाय, काका."

"तुझ्या बापानं कधी माझी वाट अडवली नव्हती."

"बाबांच्या वेळी साथ नव्हती."

काकांनी चौकटीवर हात टेकला. चाळीस वर्षं निळी असलेली ती नखं मुळाशी गुलाबी व्हायला लागली होती, तान्ह्या पोरासारखी. ओतीलियाला गलबलून आलं, पण ती हलली नाही.

काका परत फिरले, बाकावर बसले आणि तिथूनच गरजले, "चुना घाल! दोन वाट्या! शेगडी पेटव, गारठलीय ती! आणि तळापासून ढवळ, कॉफीत साखर नाही विरघळवायची! मग बरणीत काढून दाखव!"

तिनं दाखवली. निळी. दुसऱ्या दिवशीही निळीच. पाणी निवळेपर्यंत खिडकी आणि बाक यांच्यामध्ये गप्पा चालत. तिचे बाबा एक कान निळा घेऊन बोहल्यावर चढले होते, हे तिला पस्तिशीत प्रथमच कळलं. आईनं ते फोटोतसुद्धा लपवलं होतं.

चौथ्या दिवशी बरणीत कोवळ्या द्राक्षांचा रंग आला. काकांनी डोक्यावरची टोपी काढली.

"जगली," ते म्हणाले. "आता स्वतःचे हात बघ, मालकीणबाई."

कोपरापर्यंत निळे होते.

जूनमध्ये कारखाना उघडला. काका आत आले, बाह्या सरसावल्या आणि "कारकुनाचे झाले होते मेले," म्हणत हात नांदेत बुडवले. मग पुन्हा ते नांदेशी आणि ती कागदांशी. एकाच छपराखाली आल्यावर ओरडून बोलायचं निमित्तच उरलं नाही. कितीदा तिच्या मनात यायचं, उगीच काहीतरी चुकवावं. चुकवलं नाही.

काकांना जाऊन दोन हिवाळे झाले. नांद आता तीच बघते. बरणीतला रंग अगदी बरोबर असतो, बोलणी खाण्यासारखं काही नसतं.

तरी ती खिडकीशी जरा वेळ थांबते.