सदतीस नंबरचा शिक्का

माझ्या नवऱ्याने अठ्ठावीस वर्षं लॅपटॉपची झाकणं उघडली आणि मिटली. पगार त्याचाच मिळायचा. तैवानातल्या थाओयुआनच्या कारखान्यात पट्ट्यावरून एकेक लॅपटॉप पुढे येणार, हे त्याचं झाकण उघडणार, कान लावून बिजागरी ऐकणार, मिटणार, आणि पसंत पडला तर चिठ्ठीवर गोल शिक्का मारणार: सदतीस. निवृत्त झाले त्या दिवशी साहेबांनी तो शिक्का ह्यांनाच देऊन टाकला. लोकांना घड्याळं मिळतात, आमच्याकडे शिक्का आला. तेव्हापासून तो सदऱ्याच्या खिशात असतो आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीची तपासणी चालू असते. माझ्या नूडल्सच्या रश्श्याचीसुद्धा.

मी शाळेच्या गणवेशांवर मुलांची नावं आणि नंबर भरून देते. पुढच्या खोलीत भरतकामाचं यंत्र आहे, पण त्याला अक्षरं पुरवतो लॅपटॉप, आणि तो गेल्या सोमवारी मेला. शाळा सुरू व्हायला अकरा दिवस, आणि दोनशे चाळीस सदरे टेबलावर पडलेले. वेळेत दिले नाहीत तर शाळा बाजारातल्या तीन यंत्रांच्या दुकानाकडे जाईल, आणि एकदा गेलेली शाळा परत येत नाही. माझ्याकडे ही एकच शाळा उरली आहे. आताशा मुलंच कुठे जन्माला येतात!

मला काही फार नको होतं. वीस हजारांच्या आत बसणारा, पडदा मोठा, उजव्या हाताला आकड्यांच्या वेगळ्या कळा, कारण दिवसभर मुलांचे नंबरच तर टाकायचे असतात. आणि बिघडला तर इथल्या इथे दुरुस्त होणारा, तैपेईला पाठवायची भानगड नको. ही यादी मी एका मिनिटात सांगून मोकळी झाले असते. पण हे म्हणाले, "लॅपटॉप घ्यायचा आणि मला न विचारता?"

पहिल्या दिवशी आम्ही आमच्या चुंगलीतली चार दुकानं पालथी घातली. हे प्रत्येक झाकण उघडायचे, डोळे मिटून कान लावायचे, आणि मान हलवायचे. नको. दुसऱ्या दिवशी आणखी तीन दुकानं. नको, नको, नको. दुकानदार हसायचे, मग हसायचे थांबायचे. बाहेर ऊन असं की स्कूटरच्या सीटवर बसवत नव्हतं.

"अहो, एवढ्या वेळात तर एखाद्या पोराला बायको मिळाली असती," मी म्हणाले.

"काय?"

"म्हटलं, एवढ्या वेळात एखाद्या पोराला बायको मिळाली असती!"

"तिची बिजागरी कोण तपासणार?" हे म्हणाले. मग जरा वेळाने, "शिवाय पंचांगातला सातवा महिना चालू आहे. भुतं मोकळी सुटलेली असतात. नवी वस्तू घेऊ नये."

"परवाच नवी चप्पल घेतलीत ती?"

"ती चप्पल आहे," हे म्हणाले, जणू त्याने सगळं मिटलं.

त्या दोन रात्री मला झोप लागली नाही. मी सदऱ्यांचे ते गठ्ठे पुन्हापुन्हा मोजत बसायचे. एकसष्टाव्या वर्षी माणसाला राग यायलाही अंगात जोर लागतो, तो माझ्यात उरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी आम्ही स्टेशनमागच्या एका छोट्या दुकानात गेलो. गल्ल्यावर पेइ-चेन नावाची मुलगी होती, केसांना जांभळा रंग, तोंडात च्युइंगगम. तिने माझी यादी ऐकली आणि एक शब्द जास्त न बोलता दोन लॅपटॉप पुढे ठेवले. "मावशी, हा नवा, अठरा हजार नऊशे. आणि हा तोच, पण शोभेला मांडलेला, म्हणून दोन हजार कमी. पण खरं सांगू? शोभेचा घेऊ नका. येणारा-जाणारा त्याच्याशी खेळून गेलाय."

"ते मी ठरवतो," हे म्हणाले आणि शोभेचाच जवळ ओढला.

झाकण उघडलं, आणि ते असं कुरकुरलं की दाराजवळ बसलेल्या कुत्र्याने मान वर केली. पेइ-चेनला हसू फुटलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे डोळे मिटून, कान झाकणाला लावून उभे होते. झाकण मिटलं, पुन्हा कुरकुर. पुन्हा उघडलं. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. सहा वेळा झालं.

"आवाज तसा बरा आहे," हे हळूच म्हणाले. "पण नको."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरी टीव्ही मोठा लावून, वर तो पुटपुटतो म्हणून टीव्हीलाच दिलेल्या शिव्या. प्रत्येक वाक्याला "काय?" तीन दिवस ह्यांना एकही बिजागरी ऐकू आली नव्हती, आणि न ऐकता पसंत करायची ह्यांची छाती होत नव्हती. आधी मला संताप आला, माझे तीन दिवस गेले म्हणून. मग लाज वाटली. चाळीस वर्षं एका ताटात जेवते मी ह्यांच्याबरोबर, आणि मला कळलं नाही.

पेइ-चेन काहीतरी बोलणार होती. मी तिला डोळ्यांनीच दटावलं. कळलं तिला. पोरगी हुशार होती.

मी नवा लॅपटॉप माझ्यापुढे घेतला. चांगली बिजागरी कशी असते, हे मी ह्यांच्याकडून रोज रात्री भाताबरोबर ऐकत आले आहे. वाटेत मुकी, शेवटी एकदाच टक. मी झाकण उघडलं. कान लावला. मिटलं. पुन्हा उघडलं. हे लॅपटॉपकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते, शाळेतलं पोर गुरुजींच्या तोंडाकडे बघतं तसे.

"काय?" ह्यांनी विचारलं.

मी ह्यांच्या कानाशी गेले आणि मोठ्याने म्हणाले, "वाटेत काही नाही. शेवटी एकदा. टक."

"एकदाच?"

"एकदाच."

ह्यांनी खिशातून शिक्का काढला आणि लॅपटॉप उलटा केला.

"काका, शिक्का मारलात तर परत घेणार नाही हं," पेइ-चेन म्हणाली. ते ह्यांना ऐकू आलं नाही, आणि मी काही सांगितलं नाही.

शाई केव्हाच सुकली होती. ह्यांनी शिक्क्यावर दोनदा तोंडाची वाफ सोडली, हात खाली नेला आणि मध्येच थांबवला. मग तो शिक्का माझ्या तळहातावर ठेवला.

"तू मार," हे म्हणाले. "ऐकलंस तू."