दोर सासूबाईंच्या हाती

चौकडीतला एक जण पाय मुरगळून घरी बसला आणि त्या शनिवारी जोड्यांचं गणित बिघडलं. जिममधली भिंत चढायची म्हणजे एकानं वर जायचं आणि दुसऱ्यानं खाली दोर धरायचा. दातांचा डॉक्टर आणि त्याची बहीण ही जोडी ठरलेली. उरला चष्मेवाला. धंदा चष्म्यांचा, म्हणून मित्रांनी पाडलेलं नाव.

"मी येते की दोर धरायला," घरी त्याच्या सासूबाई म्हणाल्या.

बायको कामावर गेलेली, त्यामुळे त्याला वाचवायला घरात कोणी नव्हतं.

सासूबाईंनी उभा जन्म इस्पितळाचे वॉर्ड सांभाळण्यात काढला होता. न्यूमोनिया झाला तेव्हा लेक-जावयानं त्यांना आपल्याकडे आणलं. खोकला केव्हाच पळाला होता. पण "माझ्या घरी कधी सोडताय?" असं त्यांनी विचारलं की चष्मेवाला "बघू, पुढच्या आठवड्यात" म्हणून काढता पाय घेई.

जिममध्ये शिकवणाऱ्या मुलीनं सासूबाईंना कमरेचा पट्टा बांधला, दोर अडकवायचा आकडा दाखवला आणि जावयाचं वजन पेलावं म्हणून पट्ट्याला वाळूची पिशवी जोडली. स्वतः दोराचं टोक धरून मागे उभी राहिली. सासूबाई एका दमात शिकल्या. वर मुलीलाच म्हणाल्या, "नखं काप गं. अशा हातांनी काम होतं होय?"

चष्मेवाला चढला. पिवळ्या खुंट्या, मग हिरव्या, मग एक मेली घसरडी लाल. घामाघूम होऊन त्यानं वरच्या कडेला हात लावला. खाली डॉक्टरनं शिट्टी मारली.

"आई, घ्या आता खाली!"

दोर हलला नाही.

"घेते. आधी सांगा, माझ्या घरी कधी सोडताय?"

"आई, मी लटकलोय!"

"दिसतंय मला. म्हणून तर आत्ता विचारतेय. खाली असलात की तुम्हाला नेमकं दुकान आठवतं."

"काकू, त्यांना उतरवा ना," शिकवणारी मुलगी काकुळतीला आली.

"उतरवते गं. पेशंट स्थिर आहे."

शेजारच्या भिंतीवरचे लोकही चढायचे थांबले. डॉक्टरची बहीण तोंडावर हात दाबून हसत होती. चष्मेवाल्याचे कान तापले. पट्टा मांड्यांत रुतत होता आणि सबब म्हणून एकही सुचेना. मग त्याच्या तोंडून खरं तेच निघून गेलं.

"तुम्ही जाऊ नये असं वाटतं मला!"

"का? घरात कामाला माणूस हवं म्हणून?"

"नाही हो! तुम्ही यायच्या आधी आम्ही दोघं जेवताना आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचो. आता भांडतो, हसतो. तुम्ही गेलात की परत तेच होणार."

सासूबाईंची एवढा वेळ ताठ असलेली मान जराशी खाली गेली. मग त्यांनी हळूहळू, धक्का न देता जावयाला उतरवलं.

"हे जमिनीवर बोलायला काय झालं होतं?" त्या पुटपुटल्या. पदर नव्हता, म्हणून बाहीनंच नाक पुसलं. "पण मी जाणार. माझ्या खिडक्या, माझी भांडी, माझा रेडिओ. तिकडे मी कोणाची पाहुणी नसते."

"उद्या सोडतो," चष्मेवाला म्हणाला. या वेळी त्याला ते टाळता येईना, आणि टाळावंसंही वाटेना. "पण शनिवारी इथे यायचं. मला दोर धरणारं कोणी नाही."

"येईन. नुसता दोर धरायला नाही हं. चला, मला बांधा."

आणि त्या चढल्या! गुडघे कुरकुरले, दोनदा हात सुटला; दोन्ही वेळा भिंतीवर वसकन ओरडून त्यांनी पुन्हा पकड घेतली. त्या भिंतीच्या मध्यावर पोचल्यावर खाली दोर धरलेल्या चष्मेवाल्यानं विचारलं, "आई, उतरायचं का?"

"घाई कसली?" त्यांनी एका हातानं खुंटी धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट बाजूच्या दिव्यावरून फिरवलं. मग त्या बोटाकडे निरखून पाहत साऱ्या जिमला ऐकू जाईल असं विचारलं, "इथली सफाई कोणाकडे आहे?"

शिकवणारी मुलगी गुपचूप डॉक्टरच्या मागे सरकली.