लेन माझ्या सुनेची

सूनबाई पडली ती स्वतःच्या चुकीने नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. बिचारी रस्त्याच्या अगदी कडेने मोपेड चालवत होती, सगळे सांगतात तश्शी. कडेला उभ्या मोटारीचं दार कुणा महाभागाने मागे न बघता उघडलं आणि ही थेट डांबरावर. कोपर सोलवटलं, पेटीतल्या नळ्या फुटल्या. घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घ्यायचं हे तिचं काम. म्हणजे गाडी गेली की नोकरी गेली.

आणि सासऱ्यांनी नेमकी गाडीची चावीच खिशात घातली. "बस्स झालं!" जन्मभर बस चालवलेला माणूस, रस्त्याच्या बाबतीत त्यांच्यापुढे बोलायची घरात कुणाची छाती नव्हती.

हिची होती. "मग मागे बसा आणि बघा, बाबा. मी चुकले तर गाडी विका. नाही चुकले तर हा विषय परत काढायचा नाही."

म्हातारा इरेला पेटला आणि हेल्मेट चढवून मागे बसला.

ती निघाली ती सरळ लेनच्या मधोमध.

"अगं, कडेला घे!"

"नाही घेणार. तिथे दारं उघडतात, गटाराच्या जाळ्या असतात. मधे राहिले की निदान लोकांना दिसते तरी मी."

"मागे बस आहे!"

"असू दे की. रस्ता काय तिच्या बापाचा आहे?"

बस भोंगा वाजवत पार पाठीला येऊन चिकटली. सासऱ्यांनी मान वळवून बघितलं. वरच्या खुर्चीत बसून इतकी वर्षं गेली, पण बसचं थोबाड इतक्या जवळून त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. सूनबाई मात्र तसूभर हलली नाही.

सिग्नल लागला. ड्रायव्हरने शिवी द्यायला खिडकीतून डोकं काढलं, तेवढ्यात सासऱ्यांनी मागे वळून हेल्मेटची काच वर केली.

"उस्ताद? तुम्ही?" तो ओशाळून हसला. "ओळखलं नाही हो. तुम्हीच शिकवलंत ना, दुचाकी मधे आली की भोंगा दाबायचा आणि मागे चिकटायचं. भिऊन आपोआप कडेला पळते."

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सूनबाई हँडल घट्ट धरून समोर बघत राहिली.

"चुकीचं शिकवलं!" म्हातारा भर रस्त्यात ओरडला. "गाढव होतो मी! ही लेन माझ्या सुनेची आहे. ती रोज याच रस्त्याने कामाला जाणार आणि मधूनच जाणार. तू थांब मागे! आणि डेपोत सगळ्यांना सांग, म्हाताऱ्याने सांगितलंय म्हणून."

हिरवा दिवा लागला. मोपेड सावकाश मधूनच निघाली आणि बस मुकाट्याने, चांगलं अंतर ठेवून मागे आली.