अर्धी हजामत

लिब्लुत न्हावी देवळाच्या अंगणात आला, पण त्याने वस्तरा फडक्यातून बाहेर काढलाच नाही. नववर्षाच्या उत्सवाचा दिवस. पुजारी डोकी भिजवून ओळीने पाटांवर बसले होते. देवळाच्या न्हाव्याने केस उतरवल्याशिवाय पुजाऱ्याने गाभाऱ्यात पाऊल टाकायचं नाही, ही बॅबिलोनची रीत. पुजारी आत गेले नाहीत तर मार्दुकदेव बाहेर येत नाही, आणि देवच बाहेर आला नाही तर राजाने हात धरायचा कुणाचा? तो हात धरेपर्यंत उत्तरेचा हा राजा त्याच्या निनवेत कितीही मोठा असो, इथे तो नुसता पाहुणा.

"चल, सुरू कर बाबा," मुख्य पुजारी एतेरू म्हणाले. "राजा वेशीपाशी खोळंबलाय."

"खोळंबू दे," लिब्लुत म्हणाला. "माझी सून कालपासून नावेत डांबलीय."

आदल्या दिवशी राजाचा सरदार मन्नुकी याने वेशीच्या आतल्या धक्क्यावरून बाहेरगावची माणसं उचलली होती. निनवेत नवा महाल उभा राहत होता, तिथे विटा वाहायला वेठीचे हात हवे होते. लिब्लुतची सून रमुआ, दलदलीकडची, अरामी जमातीची पोर, तिथेच खजुराची दारू विकत बसली होती. तिलाही नावेत कोंबलं. नवरा मध्ये पडला तर भाल्याच्या दांड्याने त्याची बरगडी मोडली.

लिब्लुत तडक मन्नुकीकडे गेला होता. बॅबिलोनच्या माणसाला कुणी वेठीला धरत नाही, तुमच्या राजांनी पिढ्यान्‌पिढ्या तशी शपथ घेतलीय, असं त्याने तोंडावर सुनावलं.

"शहरातला एकही माणूस धरला नाही मी," मन्नुकी म्हणाला. "ती कुठे तुमची?"

"आमच्या वेशीतून कुत्रं आत आलं तरी त्याला कुणी हात लावत नाही."

"मग कुत्रंच आणायचं होतंस सून म्हणून."

खरं तर लिब्लुतलाही ही सून नको होती. वर्षभर तिच्या हातची भाकरी तो नावं ठेवत खात आला होता. पण ते घरातलं भांडण होतं, आणि त्यात परक्याने नाक खुपसलेलं त्याला मुळीच खपायचं नाही.

आता लिब्लुत हाताची घडी घालून उभा राहिलेला पाहून बाकीच्या न्हाव्यांनीही वस्तरे खाली ठेवले. एतेरू भडकले. "अरे, देवाचं काम अडवतोस?"

"देवाचं नाही, राजाचं. देवाला कुठे घाई आहे?"

निरोप गेला तसा मन्नुकी तलवारीला हात घालून धावत आला. "हात कलम करीन तुझे."

"करा की. मग यांची डोकी कोण करणार, तेही सांगून जा."

"आमच्या छावणीत काय न्हावी नाहीत?"

"घोड्यांची आयाळ कापणारे ना?" एतेरूंनी तोंड वाकडं केलं. "त्यांचा हात लागला तर आम्हीच विटाळलो. देवळाबाहेर बसावं लागेल आम्हाला."

वेशीकडून राजाचे नगारे ऐकू येत होते. मन्नुकीने दातओठ खात शिपाई पिटाळला आणि थोड्या वेळाने रमुआ अंगणात आली. मनगटांवर दोरांचे वळ होते. लिब्लुतने ते वळ निरखले. त्याने फडकं सोडलं आणि एतेरूंच्या डोक्याला हात घातला. डावी बाजू झाली.

"मामंजी," रमुआ म्हणाली, "बाकीची कधी येणार?"

"कोण बाकीची?"

"नावेतली. एक म्हातारा कुंभार आहे, दोन लहान पोरी आहेत. तेही वेशीतूनच आले होते ना?"

"तू सुटलीस ना? गप घरी जा."

"मग मी नावेतच जाते परत," ती म्हणाली आणि खरंच वळली.

लिब्लुतला राग आला आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. दलदलीतून आलेली पोर शहराचा कायदा त्यालाच शिकवत होती. त्याने वस्तरा पुसला आणि पुन्हा फडक्यात गुंडाळला.

मन्नुकी एतेरूंकडे वळला. "बुवा, तुम्ही तरी सांगा याला. अर्ध्या डोक्याने राजासमोर उभे राहणार आहात का?"

एतेरूंनी डोक्यावरून हात फिरवला, आधी गुळगुळीत बाजूवरून, मग केसाळ बाजूवरून. हाच हात दर उत्सवात रीतीप्रमाणे गाभाऱ्यात राजाच्या थोबाडीत मारायचा आणि राजा ती मुकाट सोसायचा.

"उभा कशाला राहू? बसलोय की निवांत," ते म्हणाले. "राजाला सांग, नाव रिकामी झाली की एतेरू आत जाईल. तोवर बॅबिलोनला राजा नाही."

पाटांवरचा एकही पुजारी हलला नाही. मन्नुकीने एकदा वेशीकडे पाहिलं आणि मुकाट्याने धक्क्याची वाट धरली. रमुआ केव्हाच त्याच्या पुढे निघून गेली होती.